सिम्युलेशनच्या दारापाशी विद्यार्थ्याला एकटे सोडू नका : परिचर्या शिक्षकांना खुले पत्र

परिचर्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आणि सिम्युलेशन कक्ष सांभाळणाऱ्या सर्व सहकाऱ्यांस,

सस्नेह नमस्कार.

अनेक वर्षे वॉर्डमध्ये काम केल्यानंतर आता मी त्या कामाबरोबरच विद्यार्थ्यांची सिम्युलेशन सत्रेही, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर प्रसंग उभा करून सराव देणारी सत्रे, घेते. हे पत्र लिहावेसे वाटले ते अशाच एका सत्रामुळे. त्या दिवशी काचेच्या अलीकडे बसून मी एका विद्यार्थिनीच्या मूल्यमापन तक्त्यावर जी खूण केली, ती चुकीची होती हे मला अर्ध्या तासाने कळले. चूक माझ्या एकटीची असती तर मी ती स्वतःपुरती ठेवली असती. पण सहकाऱ्यांशी बोलल्यावर लक्षात आले की आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून ती घडते आहे, आणि तिचा भार मात्र विद्यार्थी वाहत आहेत.

प्रसंग साधा होता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस, रुग्णाला धाप लागू लागली आहे आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांवर उतरले आहे, अशी केस आम्ही मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, बसवली होती. दुसऱ्या वर्षाची ती विद्यार्थिनी आत आली. तिने हात निर्जंतुक केले, रुग्णाला नाव विचारले, मनगटावरची पट्टी ताडून पाहिली आणि छातीकडे नजर जाताच विचारले, "तुम्हाला दम लागतोय का?" इथवर सारे उत्तम झाले होते. मग ती भिंतीकडे वळली. भिंतीवर ऑक्सिजनचा प्रवाह सोडणारे व मोजणारे दोन फ्लोमीटर होते आणि त्यांपैकी एकच चालू होता. तिने बंद असलेला फिरवला. आतली गोळी वर येईना, म्हणून पुन्हा फिरवला, नळी तपासली, मग मास्क शोधायला खाटेशेजारचे कपाट उघडले. मास्क ट्रॉलीच्या तिसऱ्या खणात होते. तिने पहिला खण ओढला, दुसरा ओढला, आणि तेवढ्यात मायक्रोफोनवरून रुग्णाचा आवाज काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने कण्हायला सुरुवात केली. खणाच्या मुठीवरचा तिचा हात थरथरताना मला काचेतून स्पष्ट दिसत होता. दीड मिनिट गेले. मी तक्त्यावर 'धाप ओळखण्यास व ऑक्सिजन देण्यास विलंब' या ओळीपुढे खूण केली.

सत्रानंतरच्या चर्चेत मी तिला विचारले की एवढा वेळ का लागला. ती खाली पाहत म्हणाली, "मॅडम, मला कळलं होतं. मला मास्क सापडला नाही."

आम्ही काय मोजले होते? तिची निरीक्षणशक्ती नव्हे, तिचे ज्ञान नव्हे, तिचा निर्णयही नव्हे. त्या खोलीतले सामान तिच्या परिचयाचे नाही, एवढेच मोजले होते आणि ते तिच्या नावावर चूक म्हणून लिहिले होते. तो परिचय करून देणे हे माझे काम होते.

मला आपणासमोर मांडायचे आहे ते इतकेच : सिम्युलेशनची तयारी ही विद्यार्थ्याने घरी एकट्याने उरकायची गोष्ट नाही. तो सत्राचाच पहिला भाग आहे आणि त्याची जबाबदारी आपली आहे.

आपण विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी काय सांगतो ते आठवून पाहावे. बहुतेकदा एकच वाक्य असते, 'उद्या सिम्युलेशन आहे, नीट वाचून या.' त्यावर विद्यार्थी जे शक्य आहे ते करतात. फुप्फुसांच्या आजारांवरचे अख्खे प्रकरण वाचतात, औषधांच्या मात्रा पाठ करतात, वरच्या वर्गातल्यांना 'तुमच्या वेळी कुठली केस होती' असे विचारत फिरतात आणि रात्री उशिरापर्यंत जागून थकलेल्या डोळ्यांनी सकाळी दारात उभे राहतात. वाचन लागतेच, त्याला मी कमी लेखत नाही. परंतु त्या खोलीत पुस्तकातला प्रश्न विचारला जात नसतो. तिथे डोळ्यांनी आधी कुठे पाहायचे, हातांनी आधी कशाला स्पर्श करायचा आणि तोंडाने काय बोलायचे, याचा क्रम लागतो. तो क्रम वाचून अंगवळणी पडत नाही, त्याला सराव लागतो. मग त्या सरावाची दिशा आपण का दाखवत नाही?

पुतळ्यावर शिकण्याची परंपरा आपल्याच व्यवसायातून आलेली आहे. १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथील रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयासाठी मार्था जेंक्स चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी पूर्ण उंचीची एक बाहुली करून दिली. तीच पुढे 'मिसेस चेस' या नावाने ओळखली गेली. रुग्णाला कूस बदलून देणे, उचलणे, कपडे बदलणे ही कामे विद्यार्थिनी आधी तिच्यावर करत आणि मग माणसांकडे जात. १९६० साली नॉर्वेतील खेळणी बनवणारे आसमुंड लेअरडाल यांनी कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या सरावासाठी 'रेससी अ‍ॅन' तयार केली. पुढे १९६० च्याच दशकात हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून तिच्यावर विद्यार्थ्यांना तपासणी करायला लावण्याची पद्धत सुरू केली. या सगळ्यांमागे हेतू एकच होता : विद्यार्थ्याची पहिली चूक खऱ्या माणसाच्या अंगावर होऊ नये. चूक करायची जागा म्हणून जे उभे केले, ते आपण हळूहळू चूक पकडायची जागा करून टाकले आहे, आणि ही मला फार गंभीर गोष्ट वाटते.

मी स्वतः विद्यार्थिनी असताना माझे पहिले असे सत्र हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाचे होते. मॅनिकिनची नाडी नेमकी कुठे लागते हे मला कोणी दाखवले नव्हते. मी मानेवर जोराने बोटे दाबत राहिले, मला काहीच कळेना, आणि छाती दाबायला सुरुवात करेपर्यंत वेळ निघून गेला. तेव्हाच्या आमच्या शिक्षिका सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "तुझ्या हातून पेशंट गेला." त्यापलीकडे चर्चा झाली नाही. पुढे नोकरीत पहिल्यांदा खरा तसा प्रसंग आला तेव्हा मी खाटेपासून एक पाऊल मागे सरकले होते. शेजारच्या सिस्टरनी माझा दंड धरून मला पुढे ओढले आणि माझे हात त्या रुग्णाच्या छातीवर ठेवले. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची असते हे मला तोंडपाठ होते. पाय मात्र त्या जुन्या वाक्याने मागे खेचले होते. त्या शिक्षिकांबद्दल मनात राग नाही. त्यांनाही कोणी वेगळे शिकवले नसणार. पण म्हणूनच हे इथे थांबावे असे मला कळकळीने वाटते.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, आणि माझ्याशी बोलताना काही जण म्हणालेही, की खऱ्या वॉर्डमध्ये आधी कोण सांगते? रुग्ण अचानकच बिघडतो, मग सिम्युलेशनमध्ये एवढे हातात कशाला द्यायचे? मी या आक्षेपाचा बराच विचार केला आणि मला तो पटत नाही. खऱ्या वॉर्डमध्ये परिचारिकेला ड्यूटीवर येताच हँडओव्हर मिळतो. रुग्णाचे वय, निदान, कोणत्या दिवशी काय झाले, कशाची अ‍ॅलर्जी आहे, शेवटची नोंद काय होती, हे सर्व तिला ठाऊक असते. ऑक्सिजन कुठे आहे, इमर्जन्सी ट्रॉली कुठे उभी असते, डॉक्टरांचा नंबर कोणता, हे तिला डोळे मिटूनही सांगता येते. शेजारी कोणीतरी ज्येष्ठ असते. तिला ठाऊक नसते ते एवढेच की आज कोणता रुग्ण कोणत्या क्षणी आणि कसा बिघडेल. म्हणजे लपवायचे असेल तर तेवढे लपवावे. बाकीचे लपवून आपण प्रसंग खरा करत नाही, उलट खऱ्यापासून लांब नेतो.

इंटरनॅशनल नर्सिंग असोसिएशन फॉर क्लिनिकल सिम्युलेशन अँड लर्निंग या संघटनेने सिम्युलेशनसाठीची मानके २०११ साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २०२१ च्या आवृत्तीत पूर्वतयारी व सत्रापूर्वीची माहिती यांसाठी स्वतंत्र मानक घातले. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास तर आपण सगळेच बैठकांत सांगतो : पारंपरिक क्लिनिकल तासांपैकी ५० टक्क्यांपर्यंत तास चांगल्या प्रतीच्या सिम्युलेशनने भरून काढले तरी शिक्षणाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या ज्ञानात आणि कौशल्यात उणेपणा आढळला नाही. तास कमी करण्यासाठी हा आकडा पुढे करताना 'चांगल्या प्रतीच्या' हे शब्द आपण गाळतो. त्या अभ्यासातील शिक्षक या कामासाठी खास प्रशिक्षित होते आणि सत्रानंतरची चर्चा ठरलेल्या पद्धतीने घेतली जात होती. आपल्याला पन्नास टक्के हवे असतील तर त्यामागच्या अटीही मान्य करायला हव्यात.

तयारीत नेमके काय असावे, हे मी माझ्या अनुभवाने सांगते. आपल्याकडे याहून चांगली रीत असेल तर मला ती शिकायला आवडेल.

पहिली गोष्ट खोलीची ओळख. सत्राच्या आदल्या दिवशी, मूल्यमापनाचा कोणताही कागद हातात न घेता, विद्यार्थ्यांना तासभर खोलीत सोडावे. त्यांनी प्रत्येक खण उघडून पाहावा, फ्लोमीटर फिरवून बघावा, खाटेचे डोके वर-खाली करावे, सक्शन चालू करून त्याचा आवाज ऐकावा, फोन उचलून तो कुठे लागतो ते पाहावे. मॅनिकिनची ओळख तर हाताला धरून करून द्यावी लागते. त्याची नाडी ठरावीक जागीच लागते आणि फार दाबले तर काही मॅनिकिनमध्ये ती बोटाखाली नाहीशीच होते. फुप्फुसांचे आवाज जिथे आत स्पीकर बसवलेले आहेत तिथेच ऐकू येतात, स्टेथोस्कोप दोन बोटे सरकला की शांतता. बहुतेक मॅनिकिनची त्वचा गार पडत नाही, घाम फुटत नाही, ओठ निळे होत नाहीत. मग हातपाय गार आहेत का हे विद्यार्थ्याला कसे कळणार? 'तुम्ही हात लावून मोठ्याने विचारा, आम्ही उत्तर देऊ,' हा संकेत आधी ठरलेला असला पाहिजे. तो ठरलेला नसला तर हुशार विद्यार्थीसुद्धा गप्प राहतो, कारण पुतळ्याला विचारणे त्याला खुळेपणाचे वाटते.

याच ओघात औषधांबद्दल. 'इंजेक्शन दिलं असं समजा' हे वाक्य मी माझ्या कक्षात बंद केले आहे. जे प्रत्यक्ष करायचे ते पूर्ण करायचे : लेबल वाचायचे, मात्रा काढायची, रुग्णाचे नाव आणि अ‍ॅलर्जी पुन्हा विचारायची, मगच सुई. कोणती गोष्ट खरोखर करायची आणि कोणती केवळ बोलून दाखवायची, हे आत जाण्यापूर्वी स्पष्ट हवे. सरावाच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत तसे लिहिलेले हवे आणि त्या खोलीबाहेर जाता कामा नयेत. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत केवळ प्रशिक्षणासाठी बनवलेले, निर्जंतुक नसलेले सलाईन चुकून खऱ्या रुग्णांना चढवले गेले आणि त्यांना ताप व थंडी भरून आली, ही नोंदलेली घटना आहे.

यानंतर येतो तो माझ्या मते तयारीचा गाभा, आणि त्यासाठी महागड्या मॅनिकिनची गरजच नाही. एक खुर्ची, एक उशी आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. मी विद्यार्थ्यांना सांगते की पहिल्या मिनिटाचा सराव घरी मोठ्याने बोलून करा. दारातून आत येताच काय दिसते ते बोला. हात स्वच्छ करताना मनात घाई असली तरी अल्कोहोलचा द्रव वीस ते तीस सेकंद चोळा, तेवढ्या वेळात रुग्णाच्या चेहऱ्याकडे आणि छातीकडे पाहून घ्या. नाव सांगा, नाव विचारा. मग श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी अंगावरचे पांघरूण बाजूला करून बाकीचे शरीर, हा क्रम ओठांवर येईपर्यंत म्हणा. एका विद्यार्थ्याने मला सांगितले की तो हा क्रम आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीसमोर उभा राहून रोज दहा वेळा म्हणत असे. सत्रात त्याच्यासमोर अनपेक्षित केस आली, तो क्षणभर पार गोंधळला, आणि मग त्याचे तोंड आपोआप 'श्वसनमार्ग' म्हणाले. तिथून पुढे तो सावरला.

त्या क्रमातही श्वास मोजण्यावर मी सर्वाधिक वेळ घालवते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. विद्यार्थी मॉनिटर पाहतात आणि श्वसनाच्या रकान्यात १८ किंवा २० लिहून मोकळे होतात. वॉर्डमधल्या आपणही हे करतो, हे मान्य केले पाहिजे. एक उदाहरण मी फळ्यावर मांडते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या 'न्यूज' गुणपद्धतीने मोजू; तीत गुण जितके जास्त तितका रुग्ण बिघडण्याचा धोका जास्त. ऑक्सिजन न लावलेल्या रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण ९५, वरचा रक्तदाब १०४, नाडी १०८, तापमान ३८.२ अंश सेल्सिअस, शुद्ध पूर्ण. यांतील पहिल्या चारही मोजमापांना प्रत्येकी १ गुण मिळतो. श्वास न मोजता १८ लिहिला तर त्याचे गुण शून्य आणि बेरीज ४. म्हणजे चार ते सहा तासांनी पुन्हा पाहिले तरी चालेल. आता छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास २४ आहे. त्याचे २ गुण धरून बेरीज ६ होते. आता दर तासाला पाहणे आणि डॉक्टरांना तातडीने कळवणे भाग आहे. त्याच वेळी रुग्ण म्हणतो, "ही खोली कुठली? मला घरी कधी आणलं?" बरेच विद्यार्थी यावर समजुतीने हसतात आणि पुढचे काम करू लागतात. हा गोंधळ नव्याने सुरू झालेला असेल तर त्याचे एकट्याचे ३ गुण, आणि बेरीज ९. सात आणि त्यापुढे म्हणजे आणीबाणी. एक न मोजलेला श्वास आणि एक न ऐकलेले वाक्य यांमुळे ९ च्या जागी ४ लिहिले जातात, हे फळ्यावर पाहिल्यावर वर्ग शांत होतो.

दुसरा सराव फोनचा. माझ्या अनुभवात विद्यार्थी रुग्णापाशी जेवढे अडखळत नाहीत तेवढे फोनवर अडखळतात. "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये, तुम्ही जरा येता का?" असे म्हणतात आणि पलीकडून "काय होतंय?" असे आले की चार्ट शोधू लागतात. परिस्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि मागणी, या चार पायऱ्यांनी बोलण्याची जी रीत 'एसबार' म्हणून आज सर्वत्र शिकवतात, तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतील संदेशवहनात आहे. कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेतील लोकांनी ती रुग्णसेवेत आणली. ती विद्यार्थ्यांना पाठ असते. पण पाठ असणे वेगळे आणि कानाला रिसीव्हर लावून बोलणे वेगळे. म्हणून मी त्यांना दोघांदोघांत, एकमेकांकडे पाठ करून बसवते, म्हणजे चेहरा दिसत नाही आणि शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते. बोलणे असे घडवत न्यावे लागते : "सर, मी सर्जिकल वॉर्डमधून विद्यार्थी परिचारिका बोलते आहे. खाट क्रमांक चारवरच्या रुग्णाचा श्वास मिनिटाला चोवीस आहे आणि ते आत्ताच गोंधळल्यासारखे बोलू लागले आहेत, न्यूज गुण नऊ आहेत. परवा त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, सकाळी गुण एक होता. मला संसर्ग वाढत असल्याची शंका आहे. आपण लगेच येऊन पाहावं. तोवर मी काय सुरू करू?" यातले 'आपण लगेच येऊन पाहावं' हे वाक्य उच्चारायला विद्यार्थ्यांना फार जड जाते, विशेषतः ज्यांना मोठ्यांना काही सांगायची सवय नाही त्यांना. ते वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघण्याची जागा खरा रुग्ण नसावा. आणि पलीकडून तोंडी सूचना आली तर ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, हेही इथेच.

चार जणांच्या गटात कोण काय करणार हे आत जाण्यापूर्वी ठरवावे, नाहीतर चौघेही एकच मनगट धरतात. बाहेर बसून पाहणाऱ्यांनाही काम द्यावे : एकाने वेळा लिहाव्यात, एकाने रुग्णाशी बोललेली वाक्ये टिपावीत.

आता मनाच्या तयारीविषयी, कारण आपण ती नाजूकपणाची गोष्ट समजून टाळतो. सत्रापूर्वी काही गोष्टी विद्यार्थ्यांना शब्दांत सांगायला हव्यात. हा पुतळा आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, तरी पुढची पंधरा मिनिटे तो रुग्ण आहे असे आपण दोघे मिळून मानू, आणि जिथे आमची व्यवस्था कमी पडेल तिथे दोष आमचा. चित्रीकरण होणार असेल तर ते कोण पाहणार आणि नंतर त्याचे काय होणार. हे सत्र गुणांसाठी आहे की शिकण्यासाठी; दोन्ही एकाच वेळी असू नये असे माझे ठाम मत आहे. रुग्ण दगावण्याची शक्यता असेल तर तेही आधी सांगावे. ज्या विद्यार्थ्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला आपले मन सांभाळायला किंवा दुसरी भूमिका मागायला वाव मिळाला पाहिजे.

हे सारे लाड नव्हेत. अ‍ॅमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक आढळली. तिथे चुका जास्त होत असाव्यात असे नव्हे, त्या उघड बोलल्या जात असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. सिम्युलेशनमध्ये ज्याला चूक लपवायची सवय लागेल, तो वॉर्डमध्ये ती उघड करेल असे मानायला मला कोणताच आधार दिसत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि वेळापत्रकात तो नसतो, हे मला माहीत आहे. मीही त्याच वेळापत्रकात काम करते. म्हणून प्राचार्यांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की सिम्युलेशनचा तास मोजताना पूर्वतयारी, प्रत्यक्ष प्रसंग आणि नंतरची चर्चा हे तीनही मिळून तास धरावेत. वेळ कमीच असेल तर प्रसंगांची संख्या कमी करावी. एका दुपारी सहा केसेस उरकण्यापेक्षा दोनच घ्याव्यात.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी तिच्या तक्त्यावरची खूण खोडली आणि तिची क्षमा मागितली. आठवड्याने खोली तासभर उघडी ठेवली आणि तीच केस पुन्हा घेतली. या वेळी तिने चालू फ्लोमीटर पहिल्याच हाताला फिरवला, मास्क लावला, ऑक्सिजन सुरू झाला. आणि मग ती थांबली. खाटेचे डोके वर करायचे तिच्या ध्यानात आले नाही. रुग्णाने दोनदा पोट दुखते असे सांगितले, ते तिने ऐकले पण त्याचा संबंध वरवर होणाऱ्या श्वासाशी जोडला नाही. पहिल्या वेळी खणांच्या शोधाशोधीत हे काहीच माझ्या नजरेस पडले नव्हते. चर्चेत आम्ही पाऊण तास त्यावरच बोललो : वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घ्यायला घाबरतो, फुप्फुसांचा खालचा भाग पुरेसा फुगत नाही, म्हणून आधी बसते करायचे, वेदना मोजायची, तिच्यावर उपाय मागायचा आणि मग खोकायला शिकवायचे. निघताना तिने विचारले की खोली पुन्हा कधी उघडी असेल.

कळावे.

आपली नम्र,
वॉर्डमध्ये आणि सिम्युलेशन कक्षात काम करणारी एक परिचारिका